विशेष मुलांनाही मैदान हवे

पनवेलच्या कोणत्याही मशिदीत जा, भिंतीलगत चार-दोन खुर्च्या दिसतील. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत असे बुजुर्ग तिथे बसून नमाज अदा करतात. हजरत इम्रान बिन हुसैन (रजि.) आजारी असताना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना सांगितले होते की, उभे राहता येत नसेल तर बसून आणि तेही जमत नसेल तर कुशीवर पडून नमाज अदा करावी. म्हणजे शरीर थकले म्हणून इबादत सुटत नाही, तिची पद्धत तेवढी बदलते.

घरातल्या दिव्यांग मुलाच्या व्यायामाबाबत आपण ही समज दाखवतो का? 'बिचारा, त्याला काय जमणार?' असे म्हणून त्याच्या हातात मोबाइल देतो. मोठ्या बहिणीच्या रिश्त्याला बाधा येईल म्हणून काही घरांत तर मूल पाहुण्यांसमोरही आणले जात नाही. न वापरलेले स्नायू आखडतात, वजन वाढते आणि मूल मोठे झाल्यावर त्याला उचलता उचलता अम्मीची कंबर जाते.

विशेष शाळांतले जिम्नॅस्टिक्स म्हणजे टीव्हीवरच्या अवघड कसरती नव्हेत. गादीवर लोळणे, रांगणे, एका पायावर उभे राहणे, जमिनीवर ठेवलेल्या रुंद फळीवरून चालणे, छोटी उडी मारून दोन्ही पायांवर उतरणे, इथून सुरुवात होते. मूल पाहून रीत बदलते. कर्णबधिर मुलाला शिट्टीऐवजी रंगीत झेंडा दाखवतात. स्वमग्न मुलाला रोज त्याच क्रमाने आणि चित्रे दाखवून शिकवतात. अंध मुलाला हात धरून, शिक्षकाच्या शरीराला स्पर्श करू देऊन हालचाल समजावतात.

याचे उत्तम उदाहरण मुंबईत आहे. दादरची श्रीमती कमला मेहता अंध शाळा १९०० सालापासून मुलींना शिकवते. शिवाजी पार्कच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांनी या शाळेतल्या मुलींना दोरीचा मल्लखांब शिकवला. दोरी हातात किंवा पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात सतत जाणवत असते, त्यामुळे डोळ्यांवाचूनही आपण कुठे आहोत हे मुलीला कळते. देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली.

बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी १९६८ पासून स्पेशल ऑलिम्पिक्स भरते. त्यात जिम्नॅस्टिक्सही आहे आणि खेळाडूंचे गट त्यांच्या क्षमतेनुसार पाडले जातात, म्हणजे बरोबरीच्याशी बरोबरीचा खेळतो. मार्च २०१९ मध्ये या जागतिक स्पर्धा अबूधाबीत झाल्या. भारतीय खेळाडूंनी तिथून ३६८ पदके आणली.

एक सावधगिरी मात्र हवीच. डाऊन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असतो. अशा मुलाने कोलांटउडी मारली किंवा डोके खाली-पाय वर केले तर मज्जारज्जूला इजा होऊ शकते. म्हणून डॉक्टरांकडून मान तपासून घेतल्याशिवाय असे प्रकार करू देऊ नयेत. फिट्स येणाऱ्या किंवा हृदयविकार असलेल्या मुलांसाठीही डॉक्टरांचा सल्ला आधी.

मुलीचा प्रश्न आला की कपडे आणि शिकवणारा पुरुष, या दोन गोष्टींवर घोडे अडते. गादीवरचे हे व्यायाम पूर्ण लांबीची ट्रॅक पँट आणि लांब बाह्यांचा टी-शर्ट घालूनही करता येतात. सुटी ओढणी, बांगड्या आणि पिना काढाव्या लागतात, कारण त्या अडकून दुखापत होते. डोक्याला घट्ट बसणारी टोपी चालेल का, हे विचारावे. शिक्षिका मिळावी अशी मागणी शाळेत आधीच करावी. मार्ग निघू शकतो, पण त्यासाठी शाळेत जाऊन बोलायला हवे.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ याने २१ प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता दिली आहे. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क आहे आणि खेळात सहभागाची सोय करण्याची जबाबदारी शासनावर आहे. आधी अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून घ्या. बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र आपल्या खारघरमध्येच आहे. तिथे तपासणी आणि मार्गदर्शनाबद्दल चौकशी करा. मूल शाळेत जात असेल तर एक प्रश्न जरूर विचारा: 'याच्या वेळापत्रकात व्यायामाचा तास आहे का, आणि तो कोण घेते?'

हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) अंध होते. त्यांच्याकडे दुर्लक्ष झाले म्हणून 'अबस' या सूरहमध्ये आयती उतरल्या. पुढे त्यांच्यावर अजानची जबाबदारी सोपवली गेली, आणि प्रेषितांच्या (स.) गैरहजेरीत मदीनेची व्यवस्थाही त्यांनी पाहिली. त्यांना दया दाखवून कोपऱ्यात बसवले गेले नाही, काम दिले गेले.

आपल्या घरातले मूलही अमानत आहे. असर आणि मगरिबच्या मधली वीस मिनिटे त्याला द्या. जमिनीवर गादी अंथरा, भावंडांपैकी एकाला जोडीला घ्या आणि शिक्षकांनी दाखवलेल्या दोनच हालचाली रोज करून घ्या. महिनाभराने तो भिंत न धरता चार पावले चालला, तर ते त्याचे पदक समजा.