गोरोबाकाकांचं थापटणं

गोष्ट आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकलेली असते. संतमंडळी तेरला गोरोबा कुंभारांच्या घरी जमली होती. कोपऱ्यात थापटणं पडलेलं होतं. मुक्ताबाईंनी विचारलं, "काका, हे कशाचं?" काका म्हणाले, "मडकं कच्चं की पक्कं, ते याच्यानं कळतं." "मग आमचीही मडकी पाहा की!" काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत नेलं. सगळे गप्प बसले. नामदेव मात्र चिडले. काकांनी सांगून टाकलं, हे मडकं कच्चं आहे.

लहानपणी आपण या गोष्टीला हसतो. मोठेपणी वाचली की नामदेवांची दया येते. ज्याच्या हातचा नैवेद्य पांडुरंगानं खाल्ला, असं सगळं पंढरपूर म्हणत होतं, त्यालाच चारचौघांत कच्चं ठरवलं! कथेप्रमाणे ते रडतच विठ्ठलाकडे गेले. आई कशी पाठीशी उभी राहते, तसा देव उभा राहील अशी खात्री होती. पण देव म्हणाला, "ते खरं बोलतात. तू गुरू कर. औंढ्याला विसोबा खेचरांकडे जा."

नामदेवांची श्रद्धा खोटी होती का? मुळीच नाही. पण ती एका विटेला, एका गाभाऱ्याला बांधलेली होती. देव तिथं आहे, माझ्याशी बोलतो, माझे लाड करतो, तोवर सगळं ठीक. तो आधार उबदार होता, आणि उबेतून उठायला कुणाला आवडतं?

औंढा नागनाथला पाहतात तो काय, विसोबा चक्क पिंडीवर पाय ठेवून झोपलेले! नामदेव म्हणाले, पाय काढा. विसोबा म्हणाले, "म्हातारा झालोय बाबा, देव नसेल तिथं तूच उचलून ठेव." नामदेव पाय जिथं ठेवीत, तिथं पिंड उभी राही. नामदेवांना हवा होता तो धडा मिळाला.

कुंभाराचं काम कधी जवळून पाहिलंय? चाकावरून उतरलेल्या मडक्याला आतून गोटा धरतात आणि बाहेरून थापटण्यानं ठोकतात. त्यानं भिंत पातळ आणि घट्ट होते. इथपर्यंत कुंभाराचा हात आतून असतो. पण पक्कं होण्यासाठी मडक्याला आव्यात जावं लागतं आणि तिथं हात आत घालता येत नाही. कच्चं मडकंही दिसायला सुबकच असतं. पाणी भरलं की कळतं.

पुढचा भाग गोष्टींत फारसा सांगत नाहीत, आणि मला तोच मोठा वाटतो. 1296 साली ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली. त्यानंतर नामदेव उत्तरेकडे गेले आणि परंपरेप्रमाणे पंजाबात अनेक वर्षं राहिले. तिथं ना चंद्रभागा, ना आपली भाषा, ना सभोवती टाळकरी. त्यांची 61 पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. गंमत म्हणजे त्यांतही 'बीठल' हे नाव येतं. म्हणजे विठ्ठल सुटला नव्हता, फक्त पंढरपुरातच सापडेल ही अट सुटली होती. घुमानला आजही त्यांचं स्थान आहे. 2015 साली मराठी साहित्य संमेलन तिथं भरलं, तेव्हा अनेकांना हे गाव प्रथम ठाऊक झालं.

एक मात्र सांगायला हवं. दुसऱ्याचा आधार हिसकावून घेणं म्हणजे श्रद्धा वाढवणं नव्हे. म्हाताऱ्या माणसाच्या हातची जपमाळ काढून "देव सगळीकडे आहे" असं ऐकवणारे शहाणे मी पाहिलेत. नामदेव औंढ्याला गेले ते स्वतःच्या पायांनी.

2020 साली करोनामुळे पायी वारी झाली नाही, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. आमच्या गल्लीतल्या एका आजींची वारी तेव्हा पहिल्यांदा चुकली. आठवडाभर त्या कुणाशी धड बोलल्या नाहीत. मग एका पहाटे टाळ ऐकू आले. आजी गच्चीवर फेऱ्या घालत होत्या, रोज किती चालायचं याचा हिशेब त्यांनी भिंतीवर कोळशानं लिहिला होता. पुढच्या वर्षीही पायी वारी नव्हती. 2022 साली वारी सुरू झाली, तेव्हा मी विचारलं, "आता जाणार ना?" म्हणाल्या, "जाणार तर! पण या गच्चीचाही निरोप घेतला पाहिजे रे."