आंबील आणि आंबट बिअर

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेस, घाटघर-आहुप्याकडील डोंगरउतारांवर नाचणी पिकते; नाचणीबरोबर आंबील आलीच. तिची एक लांबची बहीण जर्मनीत आहे. लाइपझिग शहरात ‘गोझे’ नावाची गव्हाची आंबट बिअर पितात. तिच्यात मीठ व धने घालतात. आपल्याला मठ्ठाच आठवावा!

दोहींचा आंबटपणा लॅक्टिक आम्लाचा. दूध विरजणारे जंतूही हेच आम्ल करतात, आणि ते वाढले की नासवणाऱ्या जंतूंना थारा मिळत नाही. तेव्हा आंबणे म्हणजे नासणे नव्हे.

मग एक मादक आणि दुसरी नाही, हे कसे? गोझेसाठी धान्याला मोड आणतात. त्यामुळे पिष्टाची साखर होते आणि यीस्ट त्या साखरेचे मद्य करते. नाचणीचे पीठ रात्रभरच ताकात वा पाण्यात आंबते. सकाळी ते शिजविले की जंतूंचे काम थांबते.

पिण्याच्या रीती निराळ्या. लाइपझिगचे लोक गोझेत फळांचा गोड पाक मिसळतात. आपण आंबिलीला जिरे-लसूण लावतो. लातूरकडे वेळ अमावास्येला शेतात पंगत बसते आणि जोंधळ्याची आंबील पितात.

लाइपझिगमधील गोझेचा अखेरचा कारखाना १९६६ साली बंद पडला. ती पुन्हा मिळण्यास वीसेक वर्षे लागली. आपल्या आंबिलीला कारखाना नाही. घरोघरचे मडके हेच तिचे ठिकाण. ते रिकामे राहिले, तर पुन्हा सुरू कोण करणार? या उन्हाळ्यात वाटीभर नाचणीचे पीठ आपणच भिजत घालू या.