टाकी किती लिटरची ते नंतर, आधी गाळ्याचं माप घ्या!



मे महिन्यात दुपारी एक वाजता शहागडमध्ये हायवेलगतच्या एखाद्या पत्र्याच्या गाळ्यात बसून बघा. गोदावरी जवळ असली तरी आत भट्टीच असते. गिऱ्हाईक येतं, घाम पुसतं आणि "संध्याकाळी येतो" म्हणून निघून जातं. ते संध्याकाळी येतंच असं नाही. सलून असो, शिलाईचं दुकान असो की मोबाईल रिपेअरिंग, दुपारचे चार तास गेले की उन्हाळ्याचा धंदा अर्धा होतो.

मग आपण कूलर घ्यायला जातो आणि पहिला प्रश्न विचारतो, "किती लिटरचा आहे?" इथेच चूक होते. मीही केली आहे. माझ्या पहिल्या क्लाससाठी मोठ्या टाकीचा कूलर आणला, खोलीच्या कोपऱ्यात ठेवला आणि गारवा जाऊ नये म्हणून दारं-खिडक्या लावून घेतल्या. तासाभरात सगळे चिकट घामाने भिजले. मध्यंतरानंतर निम्म्या खुर्च्या रिकाम्या!

टाकीचे लिटर फक्त एवढंच सांगतात, की पाणी किती वेळ पुरेल. गारवा ठरतो तो हवेवर.

युरोपात थंडीसाठी खोलीत रेडिएटर बसवतात. तिथे खोलीचं माप, खिडक्या आणि बाहेरच्या भिंती बघून मगच किती वॅटचा लागेल ते ठरवतात. आपलं हवामान उलटं आहे, पण नियम तोच: आधी खोली, मग मशीन.

१. टेप लावा, गुणाकार करा

लांबी × रुंदी × उंची, सगळं फुटात. समजा गाळा १० बाय १५ आणि उंची १० फूट. म्हणजे १५०० घनफूट. साधा ठोकताळा असा: स्लॅब असेल तर याच्या निम्मी हवा मिनिटाला लागते, म्हणजे ७५० सीएफएम. वर तापलेला पत्रा असेल तर पूर्ण १५०० धरा. कूलरच्या माहितीपत्रकावर 'एअर डिलिव्हरी' बहुतेक वेळा घनमीटर प्रति तास अशी असते. सीएफएमला १.७ ने गुणा: १५०० चे साधारण २५५० होतात. दुकानदाराला हा आकडा विचारा. आणि पत्र्याला वरून पांढरा चुना मारा. कूलरचं काम हलकं होतं.

२. हवा येणार कुठून, जाणार कुठून?

पाण्याची वाफ होताना ती हवेतली उष्णता ओढून घेते, म्हणून कूलर गार करतो. पण तीच दमट हवा आत फिरत राहिली, तर पुढे पाणी सुकतच नाही आणि गारवा संपतो. म्हणून कूलरची पाठ बाहेरच्या कोरड्या हवेकडे हवी आणि समोरच्या बाजूने हवा बाहेर पडायला वाट हवी. १००० सीएफएमला साधारण २ चौरस फूट उघडी जागा धरा. मागे खिडकी असेल तर कूलर तिथे लावा, हवा शटरमधून जाईल. मागची भिंत बंद असेल तर कूलर शटरच्या बाजूला ठेवा आणि मागे वर एक्झॉस्ट फॅन बसवा.

३. पाणी आणि लाईट

कडक उन्हात एवढी हवा फेकणारा कूलर तासाला १० ते १५ लिटर पाणी पितो. ६० लिटरची टाकी चार-सहा तासांत रिकामी! उन्हाळ्यात टँकरची वाट बघत असाल, तर हा हिशोब आधी करा. बोअरचं पाणी जड असेल तर पॅडवर क्षार बसतात. टाकीतलं पाणी आठवड्याला पूर्ण काढून टाकी घासा, डासही होणार नाहीत.

२०० वॅटचा कूलर दहा तासांत २ युनिट खातो. हिशोबापुरते युनिटला १० रुपये धरले तर दिवसाला २० रुपये. दीड टनाचा एसी तेवढ्याच वेळात १० युनिटच्या आसपास जातो, आणि त्याला शटर बंद लागतं. सारखी ये-जा असलेल्या दुकानात ते जमत नाही. लोखंडी कूलरला मात्र अर्थिंग हवंच. ओल्या हाताने लागलेला शॉक जीव घेतो. पाणी भरताना आधी प्लग काढा.

४. तुमचा माल काय आहे?

हा प्रश्न कोणी विचारत नाही. कृषी सेवा केंद्र असेल तर मे महिन्यात कपाशीचं बियाणं येऊन पडतं. बियाणं आणि युरिया दोन्ही ओल धरतात. कूलरचा झोत काउंटरकडे ठेवा, माल वेगळ्या कोरड्या खोलीत. मेडिकल असेल तर कूलरच्या भरवशावर राहू नका. औषधांना ठरलेलं तापमान लागतं, तिथे एसीचाच विचार करा.

आणि पाऊस सुरू झाला की हवा दमट होते, कूलरचा उपयोग संपतो. म्हणजे खर्च वसूल करायला तुमच्याकडे मार्च ते जूनची सुरुवात, एवढेच दिवस आहेत. दिवसाला दोन गिऱ्हाईकं जास्त थांबली, तर किती दिवसांत पैसे निघतील? हे तुमच्याच गल्ल्याच्या वहीतून काढा.

आजच एका कागदावर चार गोष्टी लिहा: गाळ्याचे घनफूट, हवा बाहेर जायची जागा, रोज मिळणारं पाणी आणि तुमचा माल. तो कागद खिशात ठेवूनच कूलर घ्यायला जा.

चला, भेटूया पुढच्या भागात!