तेबेकचा बर्फ, गोंद्रेचा भात

कळसूबाई १६४६ मीटर. दक्षिण कोरियातला तेबेकसान १५६७ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून थोडा ठेंगणाच. आम्ही दोघं नाशिकचे, कळसूबाईला वर्षातून एकदा तरी जातोच. त्यामुळे जानेवारीत तेबेकसान चढायचं ठरलं तेव्हा चढाची काळजी नव्हती. काळजी होती थंडीची. सकाळी पायथ्याशी उणे बारा अंश होते.

कोरियाला जायचं तर चेरी फुलताना जा, असं सगळे सांगतात. मी म्हणेन, जानेवारीत जा. तिथलं जेवण याच थंडीसाठी जन्माला आलंय आणि ते थंडीतच कळतं.

सोलहून रेल्वेनं साडेतीन-चार तासांत तेबेक येतं. हे कोळशाच्या खाणींचं गाव. इथली शेवटची खाण २०२४ मध्ये बंद झाली. युइल्सा देवळाच्या बाजूनं शिखर साधारण चार किलोमीटर. वाट रुंद आणि सोपी, पण बर्फ तुडवून तुडवून काचेसारखा झालेला असतो. बुटांना खालून लोखंडी काटे लावावेच लागतात. कोरियन लोक त्यांना ‘आयझेन’ म्हणतात. हा शब्द मूळचा जर्मन.

वरच्या टप्प्यात जुमोकची झाडं लागतात. ही झाडं हजार वर्षं जगतात आणि मेल्यावर हजार वर्षं उभी राहतात, अशी तिथली म्हण आहे. त्यातल्या एका वाळक्या फांदीजवळ मी बराच वेळ थांबले. धुक्याचे थेंब झाडाला लागताक्षणी गोठतात आणि थरावर थर चढत जातो. फांदीच्या एकाच बाजूला, वारा येतो त्या बाजूला, बोटभर लांबीची पांढरी पिसं फुटली होती. मागची बाजू कोरडी, काळी. रात्रभर वारा कुठून वाहिला ते फांदी बघूनच कळत होतं. याला तिथे ‘सांगोदे’ म्हणतात आणि तेवढं बघायला लोक पहाटेची गाडी पकडून येतात.

शिखरावर आकाशाची पूजा करण्यासाठी रचलेला दगडी चौथरा आहे. त्याच्या आडोशाला माझ्याच वयाच्या एका बाईनं मला ‘ऑन्नी’, म्हणजे ताई, अशी हाक मारली आणि हातावर दोन संत्री ठेवली. गार पडलेली, पातळ सालीची, जेजू बेटावरची. मी तिला तिळाची वडी दिली. संक्रांत दोन दिवसांवर होती.

खाली उतरल्यावर खरा प्रश्न आला. माझा नवरा पक्का शाकाहारी. गावाचा प्रसिद्ध पदार्थ म्हणजे पसरट तव्यात उकळणारं कोंबडीचं रश्श्याचं कालवण. कोळशाच्या धुळीनं घसा कोरडा पडलेल्या खाणकामगारांना रस्सा हवा असे, म्हणून त्यात पाणी वाढलं, असं तिथे सांगतात. मी ते पोटभर खाल्लं. शेवटी उरलेल्या रश्श्यात भात परतून देतात, तो तर सोडूच नये.

नवऱ्याला मिळाला गोंद्रेचा भात. गोंद्रे ही या डोंगरातली रानभाजी. पूर्वी धान्य संपलं की लोक भातात ही भाजी घालून दिवस काढायचे. वसंतात खुडून वाळवतात, हिवाळ्यात भिजवून तांदळाबरोबर शिजवतात, वरून सोयाबीनचा सॉस. त्यानं दोन वाट्या संपवल्या.

किमचीला मात्र त्याला हात लावता आला नाही, कारण तिच्यात बहुतेक वेळा खारवलेली मासळी किंवा कोळंबी असते. नोव्हेंबर-डिसेंबरात शेजारपाजार जमून हिवाळाभराची किमची घालतात, त्याला ‘किमजांग’ म्हणतात. २०१३ मध्ये युनेस्कोनं त्याची सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद केली. आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर पापड-कुरडया घालायला बायका जमतात, अगदी तसंच. पूर्वी मडकी जमिनीत पुरायचे. मातीखाली किमची गोठतही नाही आणि भराभर आंबतही नाही.

बिनमासळीची किमची त्यानं शेवटी सोलमध्ये खाल्ली, बौद्ध मंदिरांचं जेवण देणाऱ्या खाणावळीत. भिक्षूंना पाच उग्र पदार्थ वर्ज्य. लसूण आणि कांद्याच्या जातीच्या भाज्यांबरोबर त्या यादीत ‘हुंग्गो’ आहे, जो कोरियात पिकतच नाही. हुंग्गो म्हणजे आपला हिंग! बौद्ध ग्रंथांबरोबर भारतातून चीनमार्गे गेलेलं ते नाव, वस्तूशिवायच तिथे टिकून राहिलंय. हे ऐकून मला काय आनंद झाला, सांगता येत नाही.

तुम्ही जाणार असाल तर दोन गोष्टी सांगते. आयझेनशिवाय बर्फात पाऊल टाकू नका. आणि शाकाहारी असाल तर किमची पुढे आली की आधी ‘चॉतगाल?’ एवढं विचारा. चॉतगाल म्हणजे खारवलेली मासळी. मान हलली की वाटी बाजूला ठेवा आणि गोंद्रेचा भात मागवा.