लायसन्स रिन्यू करताना आधी डोळे तपासा, सही नंतर घ्या

चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या ड्रायव्हिंग लायसन्सची मुदत संपत आली की घरात धावपळ सुरू होते ती एका सहीसाठी. मेडिकल सर्टिफिकेट कोण देतो, किती पैसे घेतो, लगेच देतो का, हे सगळे विचारून होते. डोळे कसे आहेत, हे मात्र कोणी विचारत नाही. मोहल्ल्यातली माणसे सरकारी फॉर्म भरून घ्यायला आम्हा शिक्षकांकडे येतात, तेव्हा आम्ही हे नेहमी पाहतो. मोतीबिंदू वाढलेला असतो, शुगर दहा वर्षांची असते, पण सांगणे एकच असते : "सर, सगळीकडे 'नाही'च लिहा."

यामागची भीती खोटी नाही. ज्याचे घर रिक्षावर, टेंपोवर किंवा टॅक्सीवर चालते, त्याचे लायसन्स गेले तर रोजी जाते. पण आजार लपवल्याने रोजी वाचत नाही. वेळेवर दाखवलेला डोळा पुष्कळदा वाचतो आणि डोळा वाचला तर लायसन्सही वाचते. म्हणून कायदा काय म्हणतो आणि डोळ्याचा कोणता आजार कुठे आड येतो, हे नीट समजून घेऊ.

मुदत किती असते?

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार खासगी वाहनाचे लायसन्स तिशीच्या आत काढले तर ते वयाच्या ४० वर्षांपर्यंत चालते. ३० ते ५० या वयात काढले किंवा रिन्यू केले तर १० वर्षे, ५० ते ५५ मध्ये केले तर वयाच्या ६० पर्यंत आणि ५५ नंतर दर वेळी ५ वर्षे. म्हणजे अब्बांनी ५२ व्या वर्षी रिन्यू केले असेल तर ते ६० पर्यंत चालेल आणि चाचांनी ५७ व्या वर्षी केले तर ६२ पर्यंत. रिक्षा, टॅक्सी, ट्रक अशा व्यावसायिक वाहनांसाठी मुदत साधारणपणे ५ वर्षांचीच असते.

मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो, संपल्यानंतरही एक वर्षापर्यंत करता येतो. मात्र संपल्यानंतरच्या काळात गाडी चालवणे म्हणजे लायसन्सशिवाय चालवणे, आणि त्याला कायद्यात ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. अपघात झाला तर विम्याचा वाद वेगळाच. एक वर्षाहून जास्त उशीर झाला तर पुन्हा ड्रायव्हिंग टेस्ट द्यावी लागते. आधीचे ते एक वर्ष फार कामाचे आहे. डोळ्यावर इलाज करून घ्यायला तेवढा वेळ हातात असतो.

फॉर्ममध्ये काय विचारतात?

अर्ज परिवहन विभागाच्या 'सारथी' पोर्टलवर भरायचा असतो. त्यासोबत फॉर्म १ येतो. हे आपण स्वतः आपल्या तब्येतीबद्दल लिहून दिलेले निवेदन. वय ४० पूर्ण झाले असेल किंवा लायसन्स व्यावसायिक वाहनाचे असेल, तर फॉर्म १-ए म्हणजे डॉक्टरांचे सर्टिफिकेटही लागते.

डोळ्यांबाबत मुख्य प्रश्न तीन. चांगल्या उजेडात २५ मीटरवरून मोटारीची नंबर प्लेट वाचता येते का? लाल आणि हिरवा रंग ओळखता येतो का? रातांधळेपणा आहे का? नंबर प्लेट चष्मा लावून वाचली तरी चालते. चष्मा आहे म्हणून कोणाचे लायसन्स अडत नाही, तेव्हा तो लपवण्यात काहीच अर्थ नाही. रंगांच्या बाबतीतही जून २०२० मध्ये नियम बदलला. सौम्य आणि मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना आता लायसन्स मिळू शकते, तीव्र असेल तर मिळत नाही. एका डोळ्याची नजर गेली म्हणून खासगी हलक्या वाहनाचे लायसन्स आपोआप बंद होते, असेही नाही. व्यावसायिक वाहनाचे मात्र कडक आहे.

कोणत्या आजारात काय करायचे?

मोतीबिंदूला घाबरायचे कारण नाही. ऑपरेशनने नजर बहुधा परत येते आणि सरकारी रुग्णालयांत ते मोफत होते. समोरून येणाऱ्या गाडीचा प्रकाश डोळ्यांत पसरत असेल, रात्री दिपल्यासारखे होत असेल, तर मुदत संपायची वाट पाहू नका. आधी ऑपरेशन, मग डॉक्टर सांगतील तेव्हा नवा चष्मा आणि त्यानंतर अर्ज, हा क्रम ठेवा.

शुगरचे तसे नाही. ती डोळ्याच्या पडद्यावर, म्हणजे रेटिनावर, हळूहळू परिणाम करते आणि सुरुवातीला काही कळत नाही. शुगर असलेल्याने वर्षातून एकदा पडदा तपासून घ्यावा. त्या वेळी बाहुली मोठी करणारे थेंब टाकतात. नंतर काही तास अंधूक दिसते, म्हणून स्वतः गाडी चालवत दवाखान्यात जाऊ नका. सोबत मुलाला न्या.

सगळ्यात फसवा आजार काचबिंदू. तो बहुतेकांना दुखत नाही. समोरचे दिसत राहते आणि बाजूचे हळूहळू जाते. असा माणूस २५ मीटरवरची नंबर प्लेट सहज वाचतो आणि फॉर्ममध्ये पास होतो. पण गल्लीतून सायकलवर निघालेले पोर त्याला दिसत नाही. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली मात्र थेंबांनी, गरज पडल्यास लेसरने किंवा ऑपरेशनने टिकवता येते. घरात आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला काचबिंदू असेल, तर चाळिशीनंतर डोळ्याचा दाब आणि बाजूची नजर तपासून घ्याच. ही दुसरी तपासणी 'फील्ड टेस्ट' म्हणून ओळखली जाते. चष्म्याच्या दुकानात नंबर काढला म्हणजे ती झाली, असे नाही.

इथे रमजानचा मुद्दा येतो. रोजा तुटेल म्हणून काही जण दिवसाचे थेंब महिनाभर बंद ठेवतात. काचबिंदूत हे धोक्याचे आहे. हनफी आणि कोकणात चालणारा शाफई, या दोन्ही मसलकांत डोळ्यात औषध टाकल्याने रोजा तुटत नाही. मनात शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारा, थेंबांची वेळ बदलायची तर डॉक्टरांना विचारा, पण मनानेच बंद करू नका.

लायसन्स नाकारले तर?

तर ते तोंडी नाकारून चालत नाही. परवाना अधिकाऱ्याला कारण लेखी द्यावे लागते आणि तो आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येते. नेत्रतज्ज्ञाचे रिपोर्ट हाताशी असतील तर त्या अपिलाला वजन येते. तपासणीच टाळली असेल तर दाखवायला काही नसते.

खोटी माहिती देऊन लायसन्स मिळवले तर ते रद्द होऊ शकते. मुदत बाकी असली तरी, आजारामुळे माणूस गाडी चालवायला योग्य राहिला नाही असे वाटल्यास, अधिकारी मेडिकल सर्टिफिकेट मागू शकतात. म्हणजे लपवलेली गोष्ट उघडी पडते ती नेमकी अपघातानंतर.

ही गवाहीच आहे

फॉर्म १ कडे आपण कागद म्हणून पाहतो. पण खाली सही केली की ती आपली लेखी गवाही होते, आणि खोट्या गवाहीबद्दल आपला दीन किती कठोर आहे हे कोणाला सांगायला नको. जीव वाचवणे हे शरीयतच्या मूळ उद्देशांपैकी एक आहे. रिक्षात मागे बसलेली शाळेची मुले आपल्याकडे अमानत असतात. रोजी हलाल आहे, पण ती कमावताना दुसऱ्याच्या लेकराचा जीव पणाला लागता कामा नये. आणि नेत्रतज्ज्ञांनी "आता चालवू नका" असे साफ सांगितले, तर ते मानायचे. अशा वेळी अब्बांना "तुमच्याने आता होत नाही" म्हणून दुखवू नका. चावी मुलाने घ्यावी आणि अब्बांना मशिदीपर्यंत, दवाखान्यापर्यंत आपण सोडावे. रिक्षा घराची असेल तर ती चालवायला दुसरा माणूस ठेवता येतो. त्याच्या लायसन्सवर त्या वाहनाची परवानगी आहे ना, एवढे बघून घ्या.

आज घरातल्या प्रत्येकाच्या लायसन्सवरची तारीख बघा. ती वर्षभराच्या आत असेल तर आधी नेत्रतज्ज्ञांकडे जा आणि रिपोर्ट जपून ठेवा. इलाज लागला तर तो पूर्ण करा. तो रिपोर्ट दाखवून फॉर्म १-ए घ्या आणि फॉर्म १ मध्ये खरे तेच लिहा.