गडकऱ्यांची तीन नावे आणि डब्लिनचे पंधरा रकाने

राम गणेश गडकरी नाटक लिहीत तेव्हा गडकरी असत, कविता लिहिताना ‘गोविंदाग्रज’ होत आणि विनोदाला बसले की ‘बाळकराम’. मराठी वाचकाला यात काहीच अवघड वाटत नाही. तिघांनाही आपण एकाच पाटावर बसवतो. पण संगणकाला हे सांगायचे कोणी? त्याच्या लेखी ही तीन निरनिराळी माणसे! त्यातून रोमन लिपीत कोणी ‘गडकरी’ एका तऱ्हेने लिहिले, कोणी दुसऱ्या, की माणसे आणखी वाढतात. एकच नाव घालून शोधणाऱ्या विद्यार्थ्याला गडकरी थोडेसेच भेटतात, आणि बाकीचे राहून गेले हे त्याला कळतही नाही.

हे सुचायला कारण माझी एक विद्यार्थिनी. जुन्या मासिकांतून टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखिकांचा ती अभ्यास करते. एका ग्रंथालयाने आपल्या मासिकांची छायाचित्रे मोठ्या कष्टाने संगणकावर चढवली आहेत. पण प्रत्येक फाइलचे नाव ‘स्कॅन’ आणि पुढे एक आकडा. आता यात १९३१ चा दिवाळी अंक कुठला आणि चैत्राचा कुठला? घरोघरच्या गृहिणींना मी काय सांगावे! फळीवर चाळीस डबे, सगळे एकसारखे, आणि एकावरही चिठ्ठी नाही, असा हा प्रकार. रवा घरात आहे. पण पाहुणे दारात उभे असताना तो नसल्यातच जमा.

या चिठ्ठीलाच जाणकार लोक ‘मेटाडेटा’ म्हणतात; म्हणजे माहितीविषयीची माहिती. आपल्याकडे हे काम नवे नव्हे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली, ती संगणकाचे नावही ठाऊक नसताना. मात्र अशी सूची माणसाने वाचायची असते. यंत्राने यंत्राची चिठ्ठी वाचायची, तर दोघांनी रकाने आधी ठरवून घ्यावे लागतात.

ते ठरले १९९५ च्या मार्च महिन्यात, डब्लिन गावी. आयर्लंडची राजधानी डोळ्यांपुढे आणू नका. हे डब्लिन अमेरिकेतील ओहायो राज्यात आहे, आणि ‘ओसीएलसी’ ही ग्रंथालयांची मोठी सहकारी संस्था तेथे आहे. ग्रंथपाल आणि संगणकतज्ज्ञ एकत्र बसले आणि पुढे त्यातून पंधरा रकाने पक्के झाले. शीर्षक, कर्ता, विषय, प्रकाशक, दिनांक, भाषा, हक्क, असे ते सरळ रकाने आहेत. यांना ‘डब्लिन कोअर’ म्हणतात. यातली शहाणपणाची गोष्ट अशी, की एकही रकाना सक्तीचा नाही आणि कोणताही पुन्हा पुन्हा भरता येतो. दोन कर्ते असतील तर दोन लिहा. दिनांक ठाऊक नसेल तर सोडून द्या. पूर्णत्वाच्या हट्टापायी काम अडून राहत नाही. २००३ साली हा आंतरराष्ट्रीय मानक ठरला. आपल्या विद्यापीठांतले प्रबंध जिथे ठेवले जातात, त्या ‘शोधगंगे’च्या मुळाशी असलेल्या ‘डीस्पेस’ या प्रणालीतही हेच रकाने आहेत.

रकाना ठरला तरी आत काय लिहायचे हा प्रश्न उरतोच. ५/११ म्हणजे आपल्याकडे पाच नोव्हेंबर, अमेरिकेत अकरा मे. शके १८५३ लिहिले तर यंत्र आणखी गोंधळणार. म्हणून आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा क्रम ठरलेला आहे. नावांचा तोडगा मला विशेष आवडला: माणसाला नावाऐवजी क्रमांक द्यायचा. २०१२ साली सुरू झालेल्या ‘विकिडेटा’त हेच करतात. क्रमांक एक, आणि त्याखाली टोपणनावे हवी तितकी!

अक्षरांचाही असाच करार आहे, त्याचे नाव ‘युनिकोड’. ‘आचार्यास’ दक्षिणा दिली आणि ‘आचाऱ्यास’ मजुरी दिली, यातला भेद तो पाळतो. तरी हा अर्धा ‘ऱ’ संगणकात दोन रीतींनी उमटवता येतो. डोळ्यांना सारखा, यंत्राला वेगळा, आणि शोध तिथेच फसतो.

हे करार कोणाच्या मालकीचे नाहीत, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. वीसेक वर्षांपूर्वी एका मुद्रणालयाने माझे लेख त्यांच्या खास फाँटमध्ये जुळवून सीडीवर दिले. मुद्रणालय बंद पडले, फाँटही गेला. आज सीडी उघडली की पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि उद्गारचिन्हांचा पाऊस पडतो. मराठी आहे, पण वाचायचे कोणी?

माझी विद्यार्थिनी सध्या एकेक अंक उघडून पंधरा रकाने भरते आहे. तिची अडचण होते ती शेवटच्या ‘हक्क’ या रकान्यापाशी. आपल्या कायद्याप्रमाणे लेखिकेच्या निधनानंतर साठ वर्षे हक्क चालतो. टोपणनावामागची व्यक्ती अज्ञात राहिली, तर प्रसिद्धीपासून साठ. परवा तिने एका टोपणनावामागची लेखिका शोधून काढली आणि हसत म्हणाली, “सर, आता या बाईंची पुण्यतिथी शोधायला हवी!”