घसा बसलेला हॉर्न

गाडीच्या हॉर्नचा आवाज बसला की बहुतेक जण थेट ॲक्सेसरीच्या दुकानात जाऊन नवी जोडी बसवून घेतात. ही जोडी जुन्यापेक्षा जास्त करंट ओढते आणि पुष्कळदा पहिल्या दिवसापासूनच कण्हते. दुखणं हॉर्नचं नसतंच, वायरिंगचं असतं.

हॉर्नच्या पोटात एक विद्युतचुंबक आणि पोलादाचा पातळ पडदा असतो. बटण दाबलं की चुंबक पडदा ओढतो, ओढला जाताना आतला काँटॅक्ट सुटतो, करंट तुटतो, पडदा जागेवर येतो आणि काँटॅक्ट पुन्हा जुळतो. हे सगळं सेकंदाला चारशे-पाचशे वेळा. वाटेत गंजलेली पिन किंवा सैल अर्थ असेल, तर पडदा नीट हलतच नाही.

म्हणून मुरलेला इलेक्ट्रिशियन आधी हॉर्न सोडवतो आणि फ्यूज लावलेल्या दोन वायरी थेट बॅटरीपासून त्याच्या पिनांना टेकवतो. दणदणीत वाजला, तर हॉर्न निर्दोष. मग बटण दाबून धरायला सांगून पिनांवर मल्टिमीटर लावायचा. बॅटरीवर साडेबारा आणि हॉर्नपाशी जेमतेम दहा व्होल्ट दिसले, तर मधले अडीच व्होल्ट वायरीत नाहीतर अर्थमध्ये मुरतायत. हॉर्नचा बोल्ट जिथे बॉडीला कसलेला असतो, ती जागा पॉलिशपेपरने चकचकीत घासली तरी कित्येकदा काम होतं. कोकणातल्या पावसाळ्यानंतर तर हे हमखास करावं.

दोन हॉर्नच्या गाडीचा आवाज अचानक स्कूटरसारखा किरटा झाला, तर जाड आवाजाचा हॉर्न मेलाय असं समजा. हॉर्न बंद आणि सोबत एअरबॅगचा दिवाही लागलेला असेल, तर संशय स्टीअरिंगमधल्या क्लॉक स्प्रिंगवर घ्यायचा. तिथे मात्र स्वतः पाना लावू नका. आत एअरबॅग आहे.

एवढं करूनही आवाज वाढवायचाच असेल, तर गोगलगाईच्या आकाराची विंडटोन जोडी घ्यावी. दोन्ही मिळून आठ-दहा अँपिअर खातात, त्यामुळे कंपनीच्या बारीक वायरीवर हा भार टाकायचा नाही. रिलेच्या ८५ आणि ८६ या पिनांना हॉर्नची जुनी वायर आणि अर्थ, ३० ला बॅटरीची जाड वायर, ८७ वरून हॉर्न. फ्यूज बॅटरीजवळच हवा. 'रिलेशिवायही चालतं' म्हणणाऱ्याकडे गाडी देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बसवताना हॉर्नचं तोंड खाली ठेवा, म्हणजे पाणी साचत नाही.

सूर बदलत वाजणारे आणि कर्णकर्कश हॉर्न १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ११९ व्या नियमाने बाद ठरवलेत, दुकानदार काहीही सांगो. कायदेशीर हॉर्नसुद्धा विनाकारण किंवा मनाई असलेल्या जागी वाजवला, तर पहिल्या खेपेला १००० रुपये दंड आहे, पुढच्या खेपेला २०००.